खानदेशातली माती आणि तिचं आरोग्य : शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे दिवस माती तपासायला सगळ्यात सोयीचे. कपाशी निघालेली असते, दादर (रब्बी ज्वारी) खळ्यात आलेली असते आणि वावर मोकळं असतं. तरी याच दिवसांत सालदाराची (वर्षाच्या गड्याची) बोली, बियाण्याची धावपळ आणि लग्नसराई यांच्यात माती तपासायची राहून जाते. जून उजाडला की मागच्या वर्षीच्याच गोण्या पुन्हा दुकानातून येतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

मातीचं आरोग्य म्हणजे नेमकं काय? खत भरपूर दिलं की माती निरोगी झाली ना?

नाही. खत हे पिकाचं अन्न आहे. ते धरून ठेवणं आणि मुळांना वेळेवर देणं हे काम मातीचं. त्यासाठी तीन गोष्टी जागेवर लागतात. पहिली म्हणजे मातीची घडण : ती भुसभुशीत आहे का, पाणी मुरतं का, मुळं खाली जातात का. दुसरी रसायन : सामू, क्षार, चुना, अन्नद्रव्यं. तिसरी मातीतले जीव : जिवाणू, बुरश्या, गांडुळं. आपण सगळा पैसा दुसऱ्या गोष्टीवर घालतो, तोही पूर्ण माहिती न घेता. माती घट्ट झाली असेल, हवा खेळत नसेल, तर चांगल्यात चांगलं खतही मुळांपर्यंत नीट पोचत नाही.

‘आमनी जमीन भारी शे’, मग काळजी कशाची?

भारी जमीन ही ताकद आहे, पण ती आपोआप टिकत नाही. आपली काळी माती दख्खनच्या लाव्हारसाच्या खडकातून, म्हणजे बेसॉल्टमधून तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती पाणी आणि अन्नद्रव्यं भरपूर धरते. म्हणूनच पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीची दादर उभी राहते. पण हीच माती ओली असताना ट्रॅक्टर फिरवला तर दगडासारखी दाबली जाते आणि पाणी साचलं तर मुळं गुदमरतात.

शिवाय खानदेशची माती एकसारखी नाही. तापीकाठी रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात नदीने आणलेल्या गाळाच्या खोल जमिनी आहेत, केळी तिथे पोसली. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पाझरणारा पट्टा आहे. तिथे पाणी झरझर खाली जातं, आणि त्याच्यासोबत नत्रही. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा भागात मध्यम काळीपासून थेट मुरमाड बरडापर्यंत सगळं सापडतं, कधी एकाच बांधाच्या दोन बाजूंना. नवापूरकडे पाऊस जास्त, भातशेती, तिथला हिशेब वेगळा. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरउतारावर माती पातळ, कधी वीतभरच. म्हणून शेजाऱ्याने काय टाकलं ते विचारून आपलं खत ठरवणं आपल्याकडे विशेष धोक्याचं आहे.

मातीचा नमुना कधी आणि कसा घ्यायचा?

पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी. रासायनिक खत देऊन दोन-तीन महिने झालेले असावेत.

आधी वावरातून एक चक्कर मारा आणि जमिनीचे भाग पाडा. रंग वेगळा, उतार वेगळा, पीक वेगळं पिकतं, तर तो भाग वेगळा आणि त्याचा नमुनाही वेगळा. चार एकरांत वरचा तुकडा मुरमाड आणि खालचा काळा असेल, तर दोन्हीची माती एकत्र करू नका. तसं केलं तर जो आकडा येईल तो दोघांपैकी कुठल्याच तुकड्याचा नसेल.

प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला सारा, कुदळीने व्ही आकाराचा खड्डा करा आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी पातळ कापणी घ्या. ज्वारी, बाजरी, हरभरा, भुईमुगासाठी १५ ते २० सेंटिमीटर खोली पुरते. कपाशी आणि केळीसाठी ३० सेंटिमीटरपर्यंत जा. लिंबू, मोसंबी, आंब्याची बाग लावायची असेल तर ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरपर्यंतचे थर वेगवेगळे घ्या, कारण फळझाडाला त्रास देणारा चुन्याचा थर अनेकदा खालीच दडलेला असतो.

बांधालगत, झाडाखाली, विहिरीजवळ, उकिरड्याच्या जागी, गुरं बसतात तिथे किंवा पाण्याच्या दांडाजवळ नमुना घेऊ नका. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून ढेकळं फोडा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. ओली असेल तर सावलीत वाळवा. पिशवी स्वच्छ कापडी हवी, खताची जुनी गोणी नको. आत चिठ्ठी घाला : नाव, गाव, गट क्रमांक, मागचं पीक, पुढचं पीक, बागायत की कोरडवाहू.

नमुना द्यायचा कुठे?

गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक), जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात. सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि चुना यांची तपासणी त्यात आहे का, हे देतानाच विचारा. केळीवाल्यांनी आणि पपईवाल्यांनी तर नक्कीच.

मृद आरोग्य पत्रिका हातात आली. ती वाचायची कशी?

ही पत्रिका म्हणजे तुमच्या माती तपासणीचा अहवाल. तिची योजना केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केली. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल, तांबे, बोरॉन. बहुतेक जण थेट नत्र-स्फुरद-पालाशावर बोट ठेवतात. माझा आग्रह आहे की पहिले तीन आकडे आधी वाचा, कारण बाकीच्यांचा अर्थ त्यांच्यावर ठरतो.

सामू म्हणजे पीएच. ६.५ ते ७.५ सर्वांत सोयीचा. आपल्या बहुतेक काळ्या जमिनी ७.५ ते ८.५ च्या दरम्यान येतात. ८.५ च्या वर गेला तर चोपणपणाची (सोडियम वाढल्याची) शंका घ्या. क्षारता एक डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर चिंता नाही.

सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणखतातून मातीत राहिलेला कार्बन. तो ०.५ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्यावर चांगला. खानदेशात ऊन कडक, नांगरट खोल आणि शेतातला पालापाचोळा शेतात राहत नाही. त्यामुळे कर्ब कमी येणं ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट होऊन बसली आहे. पत्रिकेवरचा हा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कर्ब कमी असेल तर नत्र टिकत नाही, ओल टिकत नाही, जस्त-लोह मिळत नाही आणि माती घट्ट होते.

पुढचे आकडे असे : उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली म्हणजे कमी. जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली, लोह ४.५ च्या खाली, गंधक १० च्या खाली, बोरॉन ०.५ च्या खाली गेलं तर कमतरता समजायची. पालाश आपल्या काळ्या मातीत बहुधा चांगला दिसतो, पण केळीवाल्यांनी त्यावर विसंबून राहू नये. केळी पालाश अफाट उचलते. तिची शिफारसच झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश अशी आहे.

शिफारस हेक्टरी, माझं शेत एकरात. गोण्यांचा हिशेब कसा करू?

इथे गडबड फार होते. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, आणि शिफारशीतला किलो हा अन्नद्रव्याचा असतो, खताचा नसतो.

समजा, पत्रिकेवर हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश लिहिलं आहे. अडीचने भागलं की एकरी ४०, २० आणि २०. स्फुरदापासून सुरुवात करा. डीएपीत ४६ टक्के स्फुरद आणि १८ टक्के नत्र असतं. २० किलो स्फुरदासाठी साधारण ४३ किलो डीएपी लागेल, म्हणजे पन्नासच्या गोणीपेक्षा थोडं कमी. त्यातून जवळपास ८ किलो नत्रही आलं. उरलं ३२ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ७० किलो युरिया, ४५ किलोच्या दीड गोणीपेक्षा थोडं जास्त. २० किलो पालाशासाठी ३३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश.

तो ७० किलो युरिया एकदम टाकू नका. दोन-तीन हप्ते करा आणि मातीत मिसळा. आपल्या अल्कधर्मी मातीवर युरिया उघडा पडला की त्यातला नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. ढगाकडे बघत युरिया फेकून ठेवायचा आणि पाऊस चार दिवस लांबायचा, यात गोणीतला बराच पैसा उडून जातो.

जमीन पांढरट दिसते, पाणी मुरत नाही. जिप्सम टाकू का?

थांबा. या एका प्रश्नावर खानदेशात सर्वाधिक पैसा वाया जातो, म्हणून उत्तर सविस्तर देतो. पांढरट दिसणाऱ्या जमिनी तीन प्रकारच्या असतात आणि तिघींचा इलाज वेगळा.

खारवट जमिनीत विरघळणारे क्षार वर येऊन पांढरा थर धरतो. सामू फार चढलेला नसतो, क्षारता मात्र वाढलेली असते. इलाज निचऱ्याचा : चर काढा आणि चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढा. जिप्समचं इथे काम नाही.

चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो. ओली असताना ती राड होते, वाळली की टणक. वर पाणी दिवसेंदिवस उभं राहतं आणि खाली वीतभरावर माती कोरडी. सामू ८.५ च्या वर जातो. इथे जिप्सम खरोखर उपयोगी आहे, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. पण सुटलेला सोडियम वाहून जायला वाट हवी. निचरा नसलेल्या वावरात जिप्सम टाकणं म्हणजे घर झाडून कचरा दारामागे ठेवणं. किती टाकायचं ते प्रयोगशाळेच्या जिप्सम गरजेच्या आकड्यावरून ठरवा, पावसाळ्याआधी वरच्या थरात मिसळा. सोबत धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) घेऊन गाडला तर फरक लवकर दिसतो, कारण धैंचा चोपणात तग धरतो. साखर कारखान्याची कुजलेली मळीही (प्रेसमड) चालते.

चुनखडीची जमीन तिसरी. मातीत चुन्याचे पांढरे खडे दिसतात, सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. तिथे कॅल्शियम आधीच भरमसाट आहे, जिप्सम टाकून आणखी कॅल्शियम घालण्यात अर्थ नाही. हा चुना काढून टाकता येत नाही. त्याच्यासोबत शेती शिकावी लागते : शेणखत-कंपोस्ट भरपूर, स्फुरद बियाण्याजवळ पट्टीने, गंधक शेणखतात मिसळून, आणि पीक निवडताना लिंबूवर्गीय बागेचा मोह टाळून.

घरी एक साधी परीक्षा करता येते. बोराएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या पेल्यात स्वच्छ पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. हलवू नका, काही तासांनी बघा. ढेकळाभोवती दुधाळ, गढूळ कडं पसरलं तर सोडियमचा संशय. ढेकूळ विरघळून ढीग झाला पण पाणी नितळ राहिलं, तर घडण कमजोर, कर्ब कमी. तसंच टिकून राहिलं तर माती चांगली बांधलेली आहे. ही फक्त खूण समजा. पैसा खर्च करण्याआधी प्रयोगशाळेचा आकडा लागतोच, कारण क्षार आणि सोडियम दोन्ही असतील तर पाणी नितळ राहून ही परीक्षा फसवू शकते.

पानं पिवळी पडतात, कपाशी लाल होते. मातीत काय कमी आहे?

पिवळं पान म्हणजे युरिया, हे समीकरण सोडा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह. चुनखडीच्या जमिनीत भुईमूग, सोयाबीन, पपईवर हे हमखास दिसतं. मातीत लोह असतं, पण चढ्या सामूमुळे ते पिकाला मिळत नाही. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेटची फवारणी तात्पुरता आधार देते. जमिनीतून चिलेटेड लोह द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या. ईडीटीएतलं लोह आपल्या मातीत फार काळ टिकत नाही. दुकानदाराकडून पाकिटावरचं नाव वाचून घ्या, दोन्हींच्या किमतीत आणि कामात बराच फरक आहे.

जस्त कमी असेल तर हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. डीएपीसोबत एकत्र करू नका. स्फुरद आणि जस्त एकमेकांना अडकवतात.

कपाशीचा लाल्या हा एका कारणाचा रोग नाही. बोंडं भरत असताना नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडणं, पाणी साचणं, रात्रीची थंडी अचानक वाढणं ही सगळी कारणं त्यात असतात. हलक्या जमिनीत तो आधी येतो. दहा लिटरला १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी बोंडं लागताना द्या. पूर्ण लाल झाल्यावर फवारून उपयोग नाही.

घरी गुरं उरली नाहीत. कर्ब वाढवायचा कसा?

आधी आकार समजून घ्या. एक हेक्टरातला वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे २० लाख किलो भरतो. कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा म्हणजे त्या थरात २,००० किलो कर्ब टिकवायचा. आपण टाकतो त्यातला बराचसा वर्षभरात कुजून हवेत जातो. म्हणून एका ट्रॉलीने काही होत नाही आणि एका बाटलीने तर नाहीच. ही सवय वर्षानुवर्षं चालवावी लागते.

विकतचं शेणखत महाग आहे, खरं. पण शेतातच जे तयार होतं ते आपण बाहेर फेकतो. घड कापल्यावर केळीची खोडं बांधावर ओढून टाकणं किंवा पेटवणं थांबवा. त्यांत पालाश भरपूर असतो. तुकडे करून ओळींमध्ये पसरा. झाड विषाणूग्रस्त असेल तेवढंच उपटून नष्ट करा.

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं, जास्त काळजीने करावं लागतं. ती जाळली की कर्ब आणि नत्र धुरात जातं. पण ती बांधावर रचून जूनपर्यंत ठेवली तर न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. म्हणून कपाशी डिसेंबर-जानेवारीत संपवा, फरदड (त्याच झाडांवर पुन्हा पाणी देऊन घेतलेला बहर) घेऊ नका आणि पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून खड्ड्यात शेण, पाणी आणि ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीसोबत कुजवा. न कुजलेली पऱ्हाटी पेरणीच्या तोंडावर मातीत गाडली तर तिला कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि रोपं पिवळी पडतात.

ताग किंवा धैंचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. मृगाच्या पावसावर पेरा, ४५-५० दिवसांनी फुलावर येताना गाडा. कांदेबाग केळी ऑक्टोबरमध्ये लावायची असेल तर पावसाळ्याचे हे दोन महिने त्यासाठीच आहेत.

एकाच वावरात केळीवर केळी, कपाशीवर कपाशी चालेल का?

चालते म्हणून करतात, पण माती त्याची किंमत मोजते. एकच पीक एकाच खोलीतून तीच अन्नद्रव्यं उपसत राहतं, सूत्रकृमी आणि मुळांचे रोग वाढत जातात. मधे हरभरा, उडीद, मूग किंवा तूर आणा.

पांझरा नदीवरची आपली फड पद्धत इथे आठवते. बंधाऱ्याच्या पाण्याखालचं क्षेत्र फडांत वाटलेलं असायचं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि दरवर्षी फडाचं पीक बदलायचं. ऊस आज या फडात तर पुढे दुसऱ्यात. पाणीवाटपासाठी आखलेल्या त्या शिस्तीत पिकांची फेरपालट आपोआप होत होती. आज प्रत्येकाच्या विहिरीवर मोटर आहे, त्यामुळे ही शिस्त ज्याने त्याने आपल्याच वावरात पाळावी लागते.

रोटाव्हेटरने माती छान भुसभुशीत होते. मग लोक नावं का ठेवतात?

वरची चार बोटं भुसभुशीत होतात. त्याखाली दरवर्षी त्याच खोलीवर पाती फिरल्याने घट्ट थर तयार होतो. कुदळीने दोन फूट खणून बघा : मुळं एका पातळीवर आडवी वळलेली दिसली तर तो थर तिथेच आहे. मे महिन्यात माती पूर्ण कोरडी असताना सबसॉयलरने (खोलवरचा थर फोडणाऱ्या अवजाराने) एकदा फोडा आणि पुढे गरजेपुरतीच मशागत करा. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर घालणं मात्र कायमचं बंद.

ठिबक आहे, मग पाण्यापासून मातीला काय धोका?

ठिबकमुळे पाणी वाचतं, पण बोअरचं पाणी खारं असेल तर ओल्या गोळ्याच्या कडेला क्षार साठत जातात. बोअर जितकी खोल गेली तितकी पाण्याची तपासणी अधिक गरजेची. मातीसोबत एक लिटर पाणीही द्या आणि क्षारता, सोडियम, बायकार्बोनेट तपासून घ्या. पावसाळा कमी झालेल्या वर्षी क्षार धुतले जात नाहीत, तेव्हा विशेष लक्ष ठेवा.

धरणातला गाळ आणून टाकावा का?

हलक्या, मुरमाड जमिनीत जरूर. पाणी धरायची ताकद वाढते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली तेव्हापासून अनेक बरडं त्यामुळे पिकती झाली. पण भारी काळ्या जमिनीत गाळ टाकून निचरा आणखी बिघडवू नका. आणि गाळाचीही तपासणी करा. काही गाळ खारा किंवा चोपण असतो.

आमचं वावर सातपुड्याच्या उतारावर आहे. आम्ही काय करावं?

तुमच्यासाठी खतापेक्षा माती अडवणं आधी. आडवी पेरणी, समतल चर, दगडी बांध, बांधावर गवत. वरचं जंगल राहिलं तर खालचं वावर राहतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखलं आणि गावाचं पाणी परत आणलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जमलं तर एकदा तिथे जाऊन बघून या.

जीवामृत, जिवाणू खतं यांनी काम भागतं का?

मदत होते. कडधान्याला रायझोबियम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू हे वापरावेतच. पण त्यांना खायला कर्ब लागतो. कर्बाशिवाय उघड्या, तापलेल्या मातीत ओतलेले जिवाणू टिकत नाहीत. आधी आच्छादन आणि कंपोस्ट, मग बाटली.

पुन्हा तपासणी कधी?

कोरडवाहूला तीन वर्षांनी. केळी, पपई, ऊस असेल तर प्रत्येक लागवडीआधी. चोपण जमिनीवर इलाज चालू असेल तर दरवर्षी. दरवेळी त्याच तुकड्यातून, त्याच महिन्यात नमुना घ्या आणि जुन्या पत्रिका फेकू नका. सगळ्या एकाच फाईलमध्ये लावा, प्रत्येकीवर त्या वर्षी काय टाकलं आणि किती पिकलं ते लिहून ठेवा.